पत्ता कोणी दिला?

विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून मी एका तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत गेले होते. प्रदर्शन आटोपले, चहा आला आणि चहाबरोबर मोठ्या बाईंची अडचणही आली. सकाळपासून शाळेतले काही संगणक ‘कनेक्ट’ होत नव्हते. शिष्यवृत्तीचे अर्ज संकेतस्थळावर भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहानंतर ते घेतले जाणार नव्हते. चौदा मुलांचे अर्ज बाकी होते. एका अर्जाला वीसेक मिनिटे लागत होती आणि घड्याळात अडीच वाजले होते. चालू असलेल्या संगणकावर एकटे भाऊसाहेब अर्ज भरत होते. हिशेब तुम्हीही करू शकाल. सातच्या आधी काम संपणार नव्हते.

“मॅडम, तुम्ही सायंटिस्ट आहात, जरा बघता का?” बाई म्हणाल्या. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाला मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळे दुरुस्त करता येते, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला मिक्सर दुरुस्त करता येत नाही. पण प्रयोगशाळेत आमची मोजमापाची यंत्रे एका छोट्या जाळ्याने एकमेकांना जोडलेली असतात आणि ती अधूनमधून रुसतात. त्यामुळे या रुसव्याची मला थोडी सवय होती.

शाळेची व्यवस्था साधी होती. सहा संगणक होते : भाऊसाहेबांचा, मोठ्या बाईंचा, कार्यालयातले आणखी दोन, प्रयोगशाळेतला एक आणि ग्रंथालयातला एक. शिवाय एक प्रिंटर. या सगळ्यांच्या तारा कपाटावर ठेवलेल्या आठ पोर्टच्या एका स्विचमध्ये येत होत्या. आठव्या पोर्टमधून एक तार इंटरनेट देणाऱ्या पेटीकडे, म्हणजे राउटरकडे, गेली होती. अशी जोडणी आज कितीतरी शाळांत, दवाखान्यांत आणि पतपेढ्यांत दिसते. ती करून देणारा माणूस एकदा येतो, तारा ओढतो आणि जातो. कुठली तार कुठे जाते हे त्याच्या डोक्यात राहते.

मी विचारले, “नेमके काय झाले?” उत्तर आले, “चालत नाही.”

“चालत नाही” हे निरीक्षण नव्हे. तो आपला निष्कर्ष असतो आणि तोही फार ढोबळ. निरीक्षण म्हणजे कोणता संगणक, कधीपासून, काय केल्यावर काय दिसले. तसे खोदून विचारल्यावर जी हकीगत बाहेर आली ती अशी. सकाळी फक्त ग्रंथालयातला संगणक अडला होता. तो बंद करून पुन्हा चालू केला, फरक पडला नाही. मग कोणीतरी म्हणाले, सगळेच एकदा बंद-चालू करून पाहू. केले. तर कार्यालयातले दोन संगणक, जे तोवर ठीक होते, तेही अडले! मग त्यांपैकी एकाची तार काढून दुसरी लावली. तो लगेच चालू झाला. म्हणजे तार खराब, असे ठरून ती तार कचऱ्यात गेली आणि बाजारातून नवी आली. दुपारच्या सुट्टीत कोणीतरी तो संगणक पुन्हा बंद-चालू केला आणि तो पुन्हा अडला. नव्या तारेसकट. आता व्हायरसचा संशय होता.

या सगळ्या गडबडीत भाऊसाहेबांनी आपल्या संगणकाला हात लावू दिला नव्हता. तो रात्रीही बंद होत नसे. “चालत्या यंत्राला छेडायचे नाही,” असे त्यांचे म्हणणे होते. तरुण शिक्षक यावर हसत होते. मलाही त्या वेळी ती अंधश्रद्धाच वाटली.

पुढे जाण्यापूर्वी संगणक एकमेकांशी कसे बोलतात हे थोडे पाहायला हवे.

समजा, एक गल्ली आहे. गल्लीत घरे आहेत आणि टोकाला वेस आहे. प्रत्येक घराला क्रमांक आहे. छोट्या कार्यालयातल्या संगणकाचा पत्ता साधारण १९२.१६८.१.१२ असा दिसतो. बहुतेक ठिकाणी यातले पहिले तीन आकडे म्हणजे गल्लीचे नाव आणि शेवटचा म्हणजे घराचा क्रमांक. ज्यांच्या पत्त्यातले पहिले तीन आकडे सारखे, ते एका गल्लीतले. त्यांना एकमेकांशी थेट बोलता येते. गल्लीबाहेर काही पाठवायचे असेल तर ते वेशीवर नेऊन द्यावे लागते. ही वेस म्हणजे राउटर. तिचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि संगणकावर तो ‘गेटवे’ या नावाखाली लिहिलेला असतो.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते ‘खासगी’ असतात. १९९६ साली ठरलेल्या एका संकेतानुसार ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, मात्र बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. संगणकाचा पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात. जगातल्या सगळ्या यंत्रांना ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसू लागले होते. म्हणून गल्लोगल्ली तेच क्रमांक पुन्हा वापरायची सोय झाली. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ असेल, माझ्याही घरी असेल. दोघांचे काही बिघडत नाही.

आता संगणक ‘कनेक्ट होत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात पाच-सहा निरनिराळ्या गोष्टींपैकी कुठलीतरी एक होत नसते. तारेतून वीज जाते का? संगणकाला पत्ता मिळाला का? तो या गल्लीतला आहे का? वेस उत्तर देते का? वेशीबाहेरचे जग उत्तर देते का? संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडतो का? या साखळीत एक कडी तुटली की पुढचे सगळे बंद पडते आणि पडद्यावर दरवेळी जवळजवळ तोच संदेश येतो. आमच्याकडे निर्वात यंत्रणेत हवा कुठून शिरते हे शोधताना आपण मधलीच एखादी झडप बंद करतो. दाब घसरू लागला तर गळती पलीकडे, नाही तर अलीकडे. निम्मी यंत्रणा एका झटक्यात निर्दोष ठरते. इथेही तेच करायचे : साखळीच्या मध्यावर प्रश्न विचारायचा.

त्यासाठी लागणारी साधने विंडोजच्या प्रत्येक संगणकात असतात. ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडायची आणि इंग्रजी अक्षरांत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द सलग लिहायचा. संगणक आपला पत्ता आणि आपल्या वेशीचा पत्ता सांगतो. दुसरे साधन ‘पिंग’. अमेरिकेतल्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरमध्ये ते लिहिले, तेही जाळ्यातल्या एका विचित्र बिघाडाला वैतागून. पाणबुडी शोधताना ध्वनीची स्पंदने सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्याच्या आवाजावरून त्यांनी हे नाव ठेवले. ‘पिंग’ लिहून पुढे पत्ता लिहिला की संगणक त्या पत्त्यावर हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो.

भाऊसाहेबांनी जागा दिली (हात न लावण्याच्या अटीवर, कळफलकाला हात चालेल का, असे विचारावे लागले). त्यांच्या संगणकाचा पत्ता होता १९२.१६८.१.१२, वेस १९२.१६८.१.१. हे अपेक्षेप्रमाणे होते. मग अडलेल्या संगणकावर गेले. त्याचा पत्ता होता १९२.१६८.०.१०३ आणि वेस १९२.१६८.०.१.

तिसरा आकडा पाहा. एक नव्हे, शून्य. हा संगणक दुसऱ्याच गल्लीत राहत होता.

मी वेशीला पिंग केले, १९२.१६८.०.१ या पत्त्यावरून चट्कन उत्तर आले, एक मिलिसेकंदाच्या आत. या एका उत्तराने बरेच काही निकालात निघाले. तार चांगली होती. संगणकातले जाळ्याचे कार्ड चांगले होते. स्विच चांगला होता. यातले काहीही बिघडले असते तर उत्तर आलेच नसते. आणि आणखी एक : उत्तर देणारे कोणीतरी होते. वेळ कमी लागला म्हणून ते जवळ आहे, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. एका मिलिसेकंदात तारेतला संदेश दोनशे किलोमीटर जाऊ शकतो. पण तो खासगी पत्ता होता आणि खासगी पत्ते आवाराबाहेर चालत नाहीत. तेव्हा शून्य क्रमांकाच्या गल्लीची ही वेस शाळेच्या भिंतींच्या आतच कुठेतरी होती.

“शाळेत दुसरा राउटर आहे का?” मी विचारले. सगळ्यांनी ठामपणे नाही म्हटले.

संगणकाला पत्ता मिळतो कसा, ही यातली खरी गंमत. पूर्वी प्रत्येक यंत्राचा पत्ता हाताने लिहावा लागे. यंत्रे वाढली तसे ते अशक्य झाले. एकच पत्ता दोघांना दिला जाई, वह्या हरवत. १९९३ साली राल्फ ड्रॉम्स यांच्या नावावर एक नवी पद्धत प्रसिद्ध झाली. तिचे लघुनाम डीएचसीपी. आज कार्यालयातले संगणक, घरचे फोन, दूरचित्रवाणी संच, बहुतेक सगळे याच पद्धतीने पत्ता मिळवतात. पद्धत अशी : संगणक चालू झाला की त्याला काहीच ठाऊक नसते. आपण कोण, वेस कुठे, कोणाला विचारायचे, काही नाही. कोणाला विचारायचे हेच माहीत नसलेला माणूस काय करील? तो गल्लीत उभा राहून ओरडेल, “मला कोणी पत्ता देता का?” संगणकही तेच करतो. ही हाक स्विच सगळ्या तारांवर सोडतो. पत्ते वाटण्याचे काम ज्याच्याकडे आहे (छोट्या कार्यालयात ते राउटरच करतो) तो उत्तर देतो, “हा घे, अमुक क्रमांक, वेस अमुक ठिकाणी.” संगणक म्हणतो, “हाच घेतो.” राउटर म्हणतो, “ठीक, नोंद केली.” हा पत्ता कायमचा नसतो, भाड्याने असतो, काही तास किंवा दिवस. मुदत अर्धी संपली की संगणक ज्याने पत्ता दिला त्यालाच गाठून मुदत वाढवून घेतो.

या व्यवस्थेत एक गृहीत दडले आहे. हाकेला उत्तर देणारा एकच असेल आणि तो खरा असेल. तपासून पाहण्याची काही सोय नाही, कारण तपासायला आधी कोणाची तरी ओळख हवी आणि संगणक तर अजून अनोळखी आहे. दोघांनी उत्तर दिले तर? बहुतेक संगणक जे उत्तर आधी येईल ते स्वीकारतात. मोठ्या कार्यालयांत महागडे स्विच असतात. कुठल्या पोर्टमधून आलेले पत्ते मान्य करायचे हे त्यांना शिकवून ठेवता येते. आठ पोर्टचा साधा स्विच कोणाचेही उत्तर पुढे पोचवतो.

हे लक्षात आल्यावर सकाळपासूनची चमत्कारिक हकीगत सरळ दिसू लागली. शाळेत पत्ते वाटणारे दोघे होते. कधी हा आधी बोले, कधी तो. संगणक बंद-चालू केला की तो पुन्हा हाक मारी, म्हणजे पुन्हा फासे पडत. सकाळी एकच अडला होता. सगळे बंद-चालू केल्यावर तीन अडले. उपायानेच रोग पसरवला होता! आणि तार बदलल्यावर संगणक चालू झाला तो तार नवी होती म्हणून नव्हे. तार काढून पुन्हा लावली की संगणक पत्त्याची चौकशी नव्याने करतो. त्या वेळी खरा राउटर आधी बोलला, इतकेच. तीच जुनी तार काढून परत लावली असती तरी कदाचित हेच झाले असते. तार बदलणाऱ्याने नकळत दोन गोष्टी बदलल्या होत्या, तार आणि पत्ता, आणि श्रेय तारेला दिले. प्रयोगवहीत आपण मुलांना एका वेळी एकच घटक बदलायला सांगतो. अडचण अशी की, आपण एकच बदलतो आहोत असे वाटत असताना दुसरा मागून बदलत असतो. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचे चार महिने अशा एका दुसऱ्या घटकापायी गेले आहेत. तो विषय वेगळा.

भाऊसाहेबांचा संगणक मात्र कधी बंद झालाच नव्हता. त्याने आपला पत्ता जुन्या राउटरकडून घेतला होता आणि मुदतवाढही त्यालाच विचारून घेत होता. नव्याने हाक मारायची वेळ त्याच्यावर आली नाही. मी मघाशी मनातल्या मनात अंधश्रद्धा म्हटले होते, ते मागे घेतले. (कारण त्यांनाही ठाऊक नव्हते, हे खरे.)

आता तो दुसरा वाटप करणारा शोधायचा. अडलेल्या संगणकावर पिंग अखंड चालू ठेवता येते. आज्ञेत एक वजाचे चिन्ह आणि ‘टी’ हे अक्षर घातले की तो दर सेकंदाला हाक मारत राहतो. एका शिक्षिकेला पडद्यासमोर बसवले, “उत्तर थांबले की ओरडा,” असे सांगितले आणि मी स्टुलावर चढून स्विचमधल्या तारा एकेक करून उपटू लागले. भाऊसाहेबांची, बाईंची, राउटरची आणि त्या अडलेल्या संगणकाची अशा चार तारा सोडल्या, म्हणजे चार उरल्या. पहिली काढली, प्रिंटरची निघाली. उत्तरे चालूच. परत लावली. दुसरी, प्रयोगशाळेची. चालूच. तिसरी, कार्यालयातला दुसरा संगणक. चालूच. चौथी काढताच आतून आवाज आला, “थांबले!”

चौथ्या तारेवर चिठ्ठी नव्हती. कुठल्याच तारेवर नव्हती. शिपाईमामांनी आणि मी ती हाताने धरत शोधली. खिडकीतून बाहेर, व्हरांड्याच्या छताखालून, थेट ग्रंथालयात. तिथे वर्तमानपत्रांच्या मांडणीमागे दोन अँटेनांची एक छोटी पांढरी पेटी हिरवे दिवे लुकलुकवत बसली होती.

ती विज्ञानाच्या एका तरुण सरांनी आदल्या संध्याकाळी लावली होती. त्यांच्या घरी नवी पेटी आली म्हणून जुनी रिकामी पडली होती. ग्रंथालयात मुलांच्या टॅबना वाय-फाय मिळावे, हा हेतू. स्विचमध्ये पोर्ट शिल्लक नव्हता, म्हणून ग्रंथालयाच्या संगणकाची तार काढून त्यांनी पेटीत घातली आणि पेटीतून दुसरी तार संगणकाला दिली. मग आपल्या फोनवर तपासून पाहिले. वाय-फाय लागले, बातम्या उघडल्या. समाधानाने ते घरी गेले. त्या वेळी फोनला योगायोगाने खऱ्या राउटरने आधी उत्तर दिले असणार. सरांचा चेहरा उतरला. पण त्यांनी काम तपासल्याशिवाय सोडले नव्हते, हे मला सांगावेसे वाटते. फक्त एकदाच तपासले होते आणि फासे त्यांच्या बाजूने पडले होते. ग्रंथालयाचा संगणक सर्वांत आधी का अडला तेही उघड झाले. तो त्या पेटीलाच चिकटून होता.

आणि त्या पेटीला आपण वेस आहोत असे वाटत होते, पण तिच्या वेशीबाहेर काहीच नव्हते. बाहेरच्या जगाची तार घालण्याचा पोर्ट अशा पेटीला वेगळा असतो, बहुधा वेगळ्या रंगाचा. तो रिकामा होता. शून्य क्रमांकाच्या गल्लीतले संगणक आपली पत्रे मुकाट्याने तिला नेऊन देत होते आणि ती ती टाकून देत होती.

पेटीची वीज काढली, ग्रंथालयाची तार सरळ संगणकाला लावली. अडलेल्या तिन्ही संगणकांच्या तारा उपटून पुन्हा घातल्या. तिघांचेही पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होऊ लागले. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. चार जण अर्जांना बसले आणि पाचच्या आत सगळे अर्ज गेले.

दरवेळी कारण इतके नाट्यमय नसते, हेही सांगितले पाहिजे. आयपीकॉन्फिगने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवला, तर त्याचा अर्थ संगणकाने हाका मारल्या आणि कोणीच उत्तर दिले नाही. शेवटी त्याने स्वतःच एक क्रमांक घेतला. असे दिसले की तार, स्विच किंवा राउटर यांच्याकडे वळावे. वीज जाऊन आल्यावर संगणक आणि राउटर एकदम चालू होतात आणि राउटर पुरता जागा होण्यापूर्वीच संगणकाच्या हाका मारून होतात, तेव्हाही हे घडते. थोडे थांबले तर संगणक पुन्हा विचारतो. पोर्टजवळचा छोटा दिवाच लागत नसेल तर मात्र काळ्या खिडकीकडे जाऊच नये; आधी तार पाहावी. उंदीर, दाराच्या फटीत चेंगरलेली तार, तुटकी खिट्टी असलेली आणि म्हणून सैल बसलेली पिन, वळिवाच्या विजेने भाजलेला पोर्ट, हे आपल्याकडचे नेहमीचे संशयित. तारेत आठ धागे असतात, पिळ घातलेल्या चार जोड्या. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, हजार मेगाबिटला चारही. त्यामुळे उंदराने एकच धागा कुरतडला तर जोडणी पुरती तुटण्याऐवजी कित्येकदा नुसती मंद होते, आणि मंद तार शोधणे तुटलेल्या तारेपेक्षा कठीण.

सुट्टीनंतर शाळांत हमखास भेटणारे एक सोंग वेगळेच आहे. पत्ता बरोबर, वेस उत्तर देते, बाहेरचे जगही उत्तर देते, पण सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळ आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखवते, त्यावर मुदत असते, आणि भूतकाळात वावरणाऱ्या संगणकाला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटते. जाळ्याचा यात काडीचाही दोष नसतो.

पांढऱ्या पेटीचे काय केले? ती घरी पाठवायची असे बाईंचे मत पडले. मला ते पटले नाही. टॅबची गरज खरी होती. अर्ज चालू असताना सर आणि मी ती पेटी एका सुट्या लॅपटॉपला जोडून बसलो. तिच्या आत जाऊन पत्ते वाटण्याचे काम बंद केले. तिला स्वतःला १९२.१६८.१.२५० हा क्रमांक दिला. राउटर १०० पर्यंतचेच क्रमांक वाटत होता हे आधी पाहून घेतले, नाही तर पुढेमागे तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळाला असता. आता ती वेस राहिली नव्हती, गल्लीतच हवेतून आणखी दारे उघडणारी पेटी झाली होती. पुन्हा ग्रंथालयात लावून टॅब पाच वेळा जोडला आणि पाच वेळा पत्ता पाहिला. या वेळी एकदा पाहून सरांचेही समाधान झाले नसते. दरम्यान शिपाईमामांनी पांढरी चिकटपट्टी आणून आठही तारांवर नावे लिहिली आणि कोणत्या पोर्टमध्ये काय, याचा कागद कपाटाच्या दाराला आतून लावला.

हा प्रकार आठवी-नववीच्या वर्गात संगणकाशिवाय करून पाहता येतो. दहा-बारा मुलांना ‘संगणक’ करा आणि डोळे मिटून उभे करा. एका मुलीला ‘राउटर’ करून १ ते २० क्रमांकांच्या निळ्या चिठ्ठ्या द्या. मुलांनी एकेक करून “मला पत्ता हवा” म्हणायचे, ज्याची चिठ्ठी आधी हाती पडेल ती घ्यायची. सगळ्यांना चिठ्ठ्या मिळाल्या की, त्यांना न सांगता, लाल चिठ्ठ्या घेतलेला दुसरा ‘राउटर’ वर्गात आणा. आता तीन-चार मुलांना चिठ्ठी टाकून पुन्हा मागायला सांगा, मग सगळ्यांना. लाल चिठ्ठ्या दर वेळी किती जणांकडे आहेत, ते फळ्यावर मांडा. त्यानंतर दुसऱ्या राउटरच्या हातातल्या लाल चिठ्ठ्या काढून घ्या आणि त्यालाही १ ते २० क्रमांकांच्या निळ्याच चिठ्ठ्या द्या. बाजारातल्या बऱ्याच पेट्या कारखान्यातून एकसारख्याच पत्त्यांवर बेतून येतात. मग ७ क्रमांकाच्या घरी एक निरोप पाठवा आणि तो कोणाला मिळतो ते मुलांना पाहू द्या.